डिक्कीतली जाळी : हुक कुठे, ताण किती? सातारा-सांगलीकरांनो, लिहा

पसरणी घाट उतरताना पिशव्या गाडीच्या डिक्कीच्या या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात जातात आणि खंबाटकीच्या उतारावर ब्रेक मारला की सगळं मागच्या सीटवर येऊन आदळतं. त्यावर हुकांना ताणून बसवायची इलॅस्टिकची जाळी हा स्वस्त उपाय, पण नीट बसवली तरच. ज्यांनी बसवली आहे त्यांनी माप, हुकची जागा आणि काय बिघडतं ते लिहावं. किस्से नकोत, सेंटिमीटर हवेत. (प्रत्येक उत्तराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

यवतेश्वर
आधी कंपनीनेच दिलेल्या जागा शोधा. बाजूच्या पॅनेलवर रुपयाएवढी गोल टोपणं दिसतात. चपट्या स्क्रूड्रायव्हरच्या टोकाला टेप गुंडाळून टोपण उचका, नाहीतर प्लॅस्टिकवर ओरखडा राहतो. मग टॉर्च मारा. आत आटे दिसले तर काम सोपं. बऱ्याच गाड्यांत ते एम ६ मापाचे (६ मिमी जाडीच्या बोल्टचे) असतात आणि बोल्टला १० नंबरचा पाना लागतो. पहिले दोन-तीन आटे बोटांनीच फिरवा. बोटांनी जात नसेल तर माप चुकलंय. पाना लावून रेटलं की आतले आटे गेलेच. कधी टोपणामागे नुसतं भोक निघतं, नट नसतोच. वरच्या मॉडेलला हुक आणि खालच्याला नुसतं टोपण, असा तो प्रकार. पार्टच्या दुकानात चासी नंबर सांगून आपल्या मॉडेलला तो हुक बसतो का ते विचारा.

हळदपेठ
मापाचं गणित. दोन हुकांतलं अंतर टेपने मोजा. सैल पडलेली जाळी त्याच्या दोन तृतीयांश ते पाऊण असावी. अंतर ९६ सेंमी असेल तर ६४ ते ७२ सेंमीची घ्या. यापेक्षा लहान घेतली तर हुकचं तोंड उघडतं आणि पॅनेलच्या क्लिपा एकेक करून सुटतात. वळणावर कुरकुर ऐकू यायला लागली की समजायचं. मोठी घेतली तर ती फक्त शोभेची. परीक्षा सोपी : मधोमध धरून वर उचला. आठ-दहा सेंमी उचलली जाऊन सोडताच परत सपाट बसली तर ताण बरोबर. सामान नसेल तेव्हा एका बाजूचे हुक काढून ठेवा. सांगलीच्या एप्रिल-मेमध्ये बंद डिक्कीत कायम ताणलेलं इलॅस्टिक लवकर लुळं पडतं.

आणि प्रकार बघून घ्या. पेढ्याचे खोके, दुधाच्या पिशव्या, तेलाची बाटली अशा उभ्या राहणाऱ्या वस्तूंना खिशासारखी उभी जाळी. द्राक्षाच्या पेट्या, बॅगा यांना जमिनीवर पसरायची, चार कोपऱ्यांची.

पसरणी घाट
चिकटवायच्या हुकांबद्दल, कारण जागा सापडल्या नाहीत की सगळे तिकडेच वळतात. पॅनेल बहुधा पॉलिप्रॉपिलीनचं असतं (मागच्या बाजूला 'पीपी' असा छाप दिसतो) आणि त्यावर दुहेरी फोम टेप नीट धरतच नाही. आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, मग टेपबरोबर मिळणारा प्रायमर लावा, वाळू द्या, मग हुक लावून अंगठ्याने अर्धा मिनिट दाबून धरा. लगेच जाळी लावायची नाही. पूर्ण पकड यायला तीन दिवस, म्हणजे ७२ तास जातात. डॅशबोर्डची चकाकी आणणारी पॉलिश मागेही मारली असेल तर टेप विसरा, तिच्यातल्या सिलिकॉनवर काहीच टिकत नाही. कार्पेटवर तर नाहीच.

टेप सरळ खेच सहन करते, सोलणारी नाही. म्हणून हुक असा लावा की जाळी त्याला पॅनेलच्या रेषेत ओढेल, पॅनेलपासून बाहेर नाही. सुटायला लागते तेव्हा आधी वरच्या कडेला पांढरी रेघ दिसते. ती दिसली की काढा, पुन्हा दाबून उपयोग नाही. माझ्या मते असा हुक भाजीच्या पिशवीपुरताच.

मिरज रोड
ड्रिल मारायचंच असेल तर पॅनेल काढून पत्रा डोळ्यांनी बघितल्याशिवाय नाही. टाकीच्या झाकणाच्या बाजूला पेट्रोलचा पाइप आतून जातो, दोन्ही बाजूंना टेललाइटच्या वायरी असतात. बहुतेक हॅचबॅकमध्ये टाकी मागच्या सीटखाली असते, त्यामुळे सीटजवळ जमिनीत भोक पाडायचं नाव काढू नका. पत्र्यात नुसता स्क्रू हलून ढिला होतो. एम ६ चा रिव्हेट नट (पत्र्याच्या भोकात दाबून घट्ट बसणारा, आतून आटे असलेला नट) टाका, त्याला ९ मिमीचं भोक लागतं. ड्रिलच्या पात्याला टेप गुंडाळून खोलीची खूण करा. भोकाच्या कडेला गंजरोधक प्रायमर लावा आणि लोखंडाचा चुरा व्हॅक्यूमने काढा, नाहीतर पहिल्या पावसाळ्यातच ठिपक्याठिपक्यांनी गंज दिसेल. सीएनजीच्या गाडीत हा उद्योगच नको. सिलिंडरच्या पट्ट्याला किंवा पाइपला हुक अडकवणं तर अजिबात नको.

कृष्णाकाठ
जाळी वजनासाठी नाही, हे कुणीतरी लिहायला हवं. ताशी ६० किमी वेगात २० लिटरचा पाण्याचा जार जितका जोर घेऊन पुढे जातो, तो १४ मीटरवरून, म्हणजे चौथ्या-पाचव्या मजल्यावरून पडल्याइतका असतो. इलॅस्टिक तो अडवत नाही. जार, तेलाचे डबे, तांदळाचं पोतं सीटच्या पाठीला टेकवून खाली ठेवा आणि जमिनीतल्या लोखंडी कड्यांना रॅचेट पट्ट्याने (दातेरी खटक्याने घट्ट होणाऱ्या पट्ट्याने) आवळा. जाळी हलक्या सामानाला.

तंबोरा गल्ली
मिरजेहून वाद्य आणणाऱ्यांनी भोपळ्यावर जाळी ताणू नये. दोरीचा दाब एका रेषेत येतो आणि भोपळा तडकतो. गादीत गुंडाळा, सीटवर आडवं ठेवा.

यवतेश्वर
एक राहिलं. सीटची पाठ ज्या यू आकाराच्या दांड्यात खट्कन अडकते, तिथे जाळीचा हुक घालणारे बरेच आहेत. दिसायला जागा नेमकी वाटते. पण हुक मध्ये आला की पाठ अर्धीच लॉक होते. काही गाड्यांत तेव्हा सीटवरची लाल खूण उघडी दिसते, काहींत दिसतही नाही. हुक काढून पाठ पुन्हा ढकला आणि हाताने ओढून बघा.