उन्हाळ्यात किनाऱ्याने दिवसभर चालायचं तर वेळ ओहोटी बघून ठरवायची की ऊन बघून?

पायपीट:
गेल्या रविवारी आम्ही चौदा जण किनाऱ्याने सोळा किलोमीटर चाललो. ओहोटी साडेबाराची, म्हणून लीडरने दहाला निघायचं ठरवलं. ओली वाळू टणक असते आणि वाटेतली खाडी गुडघाभर पाण्यातून ओलांडता येते, हे त्याचं म्हणणं खरंच होतं. पण दीडच्या सुमारास सतत बडबडणारी एक मैत्रीण गप्प झाली. "काही नाही गं," म्हणाली, आणि बाटलीचं झाकण तिला उघडता येईना. मग तासभर कातळाच्या वीतभर सावलीत, मानेवर ओले रुमाल. सावरली बिचारी. माझं मत: उन्हाळ्यात साडेपाचला निघा, दहाला थांबा. भरती असली तर असू दे.

खारावारा:
"असू दे"? ओहोटीपासून भरतीपर्यंत साधारण सहा तास, पण पाणी एकसारखं चढत नाही. पहिल्या तासात जेमतेम बारावा हिस्सा, आणि तिसऱ्या-चौथ्या तासात मिळून निम्मं. म्हणजे 'अजून पुष्कळ वेळ आहे' असं म्हणेपर्यंत ते पायाशी. ऊन लागलेल्याला सावलीत नेता येतं. कड्याखाली अडकलेल्या चौदा जणांना कुठे नेणार? शिवाय भरतीला उरते ती वरची भुसभुशीत वाळू. तिच्यात टणक जमिनीच्या दुप्पट किंवा त्याहूनही जास्त ताकद जाते. सकाळचा गारवा तिथेच संपला!

सावलीवाला:
कुठली सावली हो? उघड्या पुळणीवर छत्रीएवढीही मिळत नाही. आणि वारा फसवतो. घाम लगेच वाळतो, त्यामुळे किती पाणी गेलं ते कळतच नाही. टोपीचाही फार भरवसा नको: सुकी वाळू सुमारे १५ टक्के आणि फेस सुमारे २५ टक्के अतिनील किरण परत फेकतो. माझी हनुवटी खालून सोलली होती, तेव्हा पटलं.

पायपीट, एक कडवट बोलतो. माणूस गप्प होतो, हातातलं साधं काम जमत नाही, ही उष्माघाताची खूण असू शकते. अशा वेळी तासभर वाट बघत बसायचं नसतं. अंगभर पाणी ओतायचं, वारा घालायचा आणि त्याच मिनिटाला मदतीला फोन करायचा.

चंद्रकोर:
तुम्ही दोघं घड्याळावरून भांडताय, कॅलेंडर कुणी उघडतच नाही. भरती-ओहोटी रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते, आठवड्यात जवळजवळ सहा तास. पौर्णिमेला भरदुपारी ओहोटी असते त्याच किनाऱ्यावर अष्टमीच्या आसपास ती सकाळी सहा-सातला सापडेल. तारीख बदला, वाद मिटला.

खारावारा:
मिटला कसला! अष्टमीला भांगाची भरती. पाणी धड चढत नाही, धड उतरत नाही. ओल्या वाळूचा पट्टा चिंचोळा, आणि गुडघाभर म्हणता ती खाडी कमरेला लागते.

चंद्रकोर:
मग खाडीच्या अलीकडूनच परत फिरा. ओलांडलीच पाहिजे असं कुणी सांगितलंय?

मागचा गडी:
मी नेहमी शेवटी चालतो, तिथून दिसतं ते सांगतो. पुढचे भराभर जातात, पंधरा मिनिटं बसतात, आणि मागचे पोचले की "चला" म्हणून उठतात. ज्याला विश्रांती सगळ्यात जास्त हवी त्यालाच ती मिळत नाही. ऊन काय, भरती काय, गट असा चालला तर कुठल्याही वेळी कुणीतरी पडणारच. माझ्या मते आठाच्या वर माणसं नकोत, आणि सगळ्यात हळू चालणाऱ्याला पुढे ठेवा. (पुळणीच्या उतारावर दिवसभर एकाच दिशेने चाललं की एकच गुडघा दुखतो, तेही सांगून ठेवतो. परत फिरणाऱ्यांचे निदान दोन्ही सारखे दुखतात.)

पायपीट:
मागचा गडी, ती मैत्रीण शेवटीच होती. दोन थांब्यांवर ती पोचली आणि आम्ही उठलो. फोन न करणं तर सरळ चूकच, सावलीवाला. ओहोटीसाठी भरदुपारी चालणं मात्र मला अजूनही पटत नाही. पुढच्या खेपेला सातची ओहोटी धरून साडेपाचला निघतोय. आठ जण, खाडीपर्यंत जाऊन परत.

खारावारा:
सातची ओहोटी म्हणजे नऊ ते अकरा पाणी सगळ्यात जोरात चढणार, आणि तुम्ही नेमके तेव्हाच कड्याखालून परतत असाल. भांग असला तरी तिथे वरून वाट आहे का, ते आधी एकदा जाऊन बघा.