स्पेक्ट्रम भारी का कमोडोर ६४? माळ्यावर बाबांचं मशीन सापडलंय

विश्रामबागकर (सांगली):
मंडळी, घराला रंग काढलाय म्हणून माळा रिकामा केला तर बाबांचा डीबी स्पेक्ट्रम प्लस निघाला, जुन्या धोतरात गुंडाळलेला. म्हणजे ब्रिटनच्या सिंक्लेअर कंपनीचा ऐंशीच्या दशकातला घरगुती कॉम्प्युटर स्पेक्ट्रम, जो आपल्याकडे डेसिबेल्स कंपनीने परवाना घेऊन काढला होता तो. बाबा बेसिक ही प्रोग्रॅमिंगची भाषा ह्याच्यावरच शिकले. आता गंमत अशी की साताऱ्याच्या काकांकडे त्याच काळात कमोडोर ६४ हा दुसरा घरगुती कॉम्प्युटर होता आणि दोघा भावांचं त्यावरून अजून जुंपतं. काका म्हणतात तुझ्या स्पेक्ट्रमचे रंग एकमेकांत सांडायचे, आमचा दुपटीहून जास्त खपला, विषय संपला. बाबा गप्प बसतात आणि ते मला बघवत नाही. रंग खरंच सांडायचे का, आणि का? आणि हे चालू कसं करू, अडॅप्टर गायब आहे.

यवतेश्वर_घाट:
भावा रंग सांडायचे हे खरं आहे, पण का ते नीट समजून घे म्हणजे काकांना उत्तर देता येईल. स्पेक्ट्रमचा पडदा २५६ बाय १९२ ठिपक्यांचा. प्रत्येक ठिपक्याला वेगळा रंग द्यायचा म्हटलं तर १५ रंगांसाठी ४ बिट लागणार, म्हणजे नुसत्या चित्राला २४के (किलोबाइट) मेमरी. आणि १९८२ ला सगळ्यात स्वस्त मॉडेल होतं १६के चं, १२५ पौंडांचं! सगळी मेमरी घातली तरी पुरत नाही. मग त्यांनी काय केलं, ठिपके वेगळे ठेवले (६१४४ बाइट) आणि रंग ८ बाय ८ च्या चौकटीला दोनच दिले, त्याला फक्त ७६८ बाइट. त्यामुळे लाल माणूस हिरव्या झाडापुढून चालला की झाडाचा तुकडा पण लाल व्हायचा, ह्यालाच अॅट्रिब्यूट क्लॅश म्हणतात. मला तर हे डोकं फार आवडतं, इतक्या कमी मेमरीत रंगीत पडदा बसवणं सोपं नाही. आणि काकांना हे पण विचार, कमोडोरच्या ३२० बाय २०० मोडमध्ये एका चौकटीत रंग किती? तिथंही दोनच.

पोवईनाका६४ (सातारा):
मी काकांच्या बाजूचा. दोन रंगांचं बरोबर आहे, पण कमोडोरमध्ये ८ स्प्राइट, म्हणजे पडद्यावर सुटी हलणारी छोटी चित्रं होती, ते चिप स्वतः काढायची आणि त्यांना स्वतःचा रंग असायचा, त्यामुळे माणूस पळाला तरी मागचं झाड जसंच्या तसं. शिवाय मल्टिकलर मोडमध्ये ठिपके रुंद व्हायचे, १६० बाय २००, पण चौकटीत ४ रंग मिळायचे. आणि त्याचा आवाज, सिड चिपचा, तो ऐकला की अजून अंगावर काटा येतो माझ्या.
खपाचं म्हणाल तर कमोडोर ६४ चे आकडे सव्वा कोटी ते १ कोटी ७० लाख असे वेगवेगळे सांगतात, स्पेक्ट्रम ५० लाखांच्या वर. पण नुसत्या रंगांनी नाही खपला. कमोडोरने १९७६ लाच एमओएस टेक्नॉलॉजी ही चिपवाली कंपनी विकत घेतली होती, म्हणजे चिपा घरच्याच, म्हणून ५९५ डॉलरला आलेलं मशीन वर्षभरात २०० च्या आसपास आणता आलं आणि त्या मारामारीत टेक्सास इन्स्ट्रुमेंट्ससारखी कंपनी १९८३ ला घरगुती कॉम्प्युटरमधून बाहेर पडली. अमेरिकेत हे झालं. ब्रिटनमध्ये मात्र स्पेक्ट्रम स्वस्त, तिथं पोरांच्या घराघरात तोच. त्यामुळे जगाचा खप बघून घरचं भांडण मिटायचं नाही.

कृष्णाकाठची_मॅडम:
मी ८४-८५ च्या सरकारी क्लास योजनेत शाळेत आलेल्या बीबीसी मायक्रो कॉम्प्युटरवर शिकवलंय म्हणून एक सांगते. त्याच्यात मोड २ ला ८ रंग मिळायचे पण ३२के पैकी २०के पडद्यालाच जायची, मुलांच्या प्रोग्रॅमला जागाच उरायची नाही, मग आम्ही रंग सोडून कमी मेमरीचा मोड घ्यायचो. मेमरी महाग होती, रंगात कुठेतरी काटछाट करावीच लागायची, तिन्ही मशीनचं तेच.
आणि अहो, त्या वेळी आपल्याकडे किती घरात रंगीत टीव्ही होता? बहुतेकांकडे शटरवाला ब्लॅक अँड व्हाइट. स्पेक्ट्रमचे मूळ रंग ० ते ७ काळा, निळा, लाल, जांभळा, हिरवा, आकाशी, पिवळा, पांढरा अशा क्रमाने आहेत, म्हणजे गडदाकडून उजळाकडे. ब्लॅक अँड व्हाइटवर ते करड्या रंगाच्या आठ पायऱ्या होऊन स्वच्छ वेगळे दिसतात. तुमच्या बाबांनी कुठल्या टीव्हीवर बघितलं ते विचारा त्यांना.

विश्रामबागकर:
मॅडम आत्ताच विचारलं, ब्लॅक अँड व्हाइटच! कॅसेट लोड होताना कडेला पट्टे पळायचे ते लाल-आकाशी आणि मग निळे-पिवळे असतात हे बाबांना आज कळलं, ते म्हणतात आमच्याकडे दोन्ही करडेच होते. अर्धा तास बोलत होते, इतकं मशीनबद्दल बोललेलं मी पहिल्यांदा ऐकलं. अडॅप्टरचं सांगा कोणीतरी.

यवतेश्वर_घाट:
थांब, घाईने कुठलाही लावू नको. स्पेक्ट्रमला ९ व्होल्ट डीसी लागतं आणि आतली पिन निगेटिव्ह असते, बाजारातले बहुतेक अडॅप्टर बरोबर उलटे. मशीनच्या मागं काय लिहिलंय त्याचा फोटो टाक आधी. काही नवे टीव्ही अँटेनाचा जुना सिग्नल पकडत नाहीत, तसं झालं तर मॉड्युलेटरच्या (अँटेनाचा सिग्नल बनवणाऱ्या डबीच्या) आधीच कॉम्पोझिट, म्हणजे साधा व्हिडिओ सिग्नल, काढून घेता येतो, सोल्डरिंग येणारा कोणी असेल तर दहा मिनिटांचं काम. आणि कीबोर्डची आतली पट्टी कडक झाली असेल, उघडताना ओढू नको, तुटली की गेली. रंगीत टीव्हीला लाव आणि बाबांना समोर बसव.