अमेरिकेच्या १९९६ च्या कल्याण-कायद्याने गरिबी घटली की केवळ मदत घेणाऱ्यांची संख्या?

प्रश्न

मी सामाजिक धोरण या विषयाची विद्यार्थिनी आहे. २२ ऑगस्ट १९९६ रोजी राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांनी सही केलेल्या कायद्याने, गरीब घरांतील मुलांसाठी १९३५ पासून चालत आलेली रोख मदतीची एएफडीसी ही योजना बंद झाली आणि तिच्या जागी कामाची अट व आयुष्यभरात एकूण ६० महिन्यांची मर्यादा घालणारी टॅन्फ योजना आली. १९९४ मध्ये पन्नास लाखांहून अधिक कुटुंबे ही मदत घेत होती, ती २००० पर्यंत निम्म्याहूनही कमी राहिली. मुलांमधील गरिबीचे अधिकृत प्रमाण १९९३ मधील २२.७ टक्क्यांवरून २००० मध्ये १६.२ टक्क्यांवर आले. दुसरीकडे, याच कायद्याच्या निषेधार्थ क्लिंटन सरकारमधील अधिकारी पीटर एडलमन यांनी आपल्या पदाचा राजीनामा दिला होता. कामाची सक्ती केली की माणूस गरिबीतून वर येतो, असा निष्कर्ष या आकड्यांवरून काढता येईल का?

प्रतिसाद १

आपण दिलेल्या आकड्यांतच एक धागा आहे. गरिबीची घसरण १९९३ नंतर सुरू झाली, कायदा १९९६ चा आहे आणि बहुतेक राज्यांत त्याची अंमलबजावणी १९९७ मध्ये मार्गी लागली. काही राज्यांनी केंद्राची परवानगी घेऊन आधीच असे प्रयोग सुरू केले होते, त्यामुळे कायद्याचा वाटा शून्य होता असे मी म्हणणार नाही. पण त्याच सुमारास आणखी दोन मोठ्या गोष्टी घडत होत्या.

पहिली गोष्ट म्हणजे अर्न्ड इन्कम टॅक्स क्रेडिट या, कमी कमाईच्या कामगारांना मिळणाऱ्या करसवलतीत १९९३ मध्ये झालेली भरघोस वाढ. जुन्या योजनेत नोकरी लागून चार महिने उलटले की कमावलेल्या जवळजवळ प्रत्येक डॉलरमागे मदतीतून एक डॉलर कापला जाई, म्हणजे महिनाभर राबूनही बाईच्या हाती जवळपास तेवढीच रक्कम राही. करसवलतीच्या नव्या रचनेत मात्र दोन मुलांच्या आईला एका ठरावीक उत्पन्नापर्यंत प्रत्येक कमावलेल्या डॉलरवर सरकारकडून सुमारे ४० सेंट अधिक मिळू लागले. काम करणे परवडू लागले, ही माझ्या मते त्या दशकातील सर्वांत महत्त्वाची घटना आहे आणि तिचे श्रेय सक्तीच्या खात्यावर जमा करणे अन्यायाचे आहे. दुसरी गोष्ट म्हणजे तेजी: २००० मध्ये बेरोजगारी ४ टक्क्यांपर्यंत उतरली होती आणि शिक्षण अपुरे असलेल्यांनाही मालक बोलावून काम देत होते.

प्रतिसाद २

मी काही वर्षे तेथील एका शहरात, मदतीचे अर्ज भरून देणाऱ्या केंद्रात स्वयंसेवक होतो. वृद्धाश्रमात रात्रपाळी करणारी एक आई दर महिन्याला तासांचा तक्ता घेऊन येई. आठवड्याला ३० तासांची अट होती (मूल सहा वर्षांखालील असेल तर २०), पण तास ठरवणे तिच्या हातात नव्हते. एका आठवड्यात ३४, तर पुढच्यात १८. एकदा सही करणारा पर्यवेक्षक रजेवर होता, तक्ता तीन दिवस उशिरा पोहोचला आणि मदत थांबली. त्या संपूर्ण महिन्यात ती कामावर होती. तो तक्ता मीच भरला होता, खालच्या सहीचा रिकामा चौकोन मला अजून आठवतो. सरकारी नोंदीत मात्र ती ‘योजनेतून बाहेर पडलेली’ ठरली, म्हणून संख्या घटली हेच यश मानणाऱ्या आकडेवारीवर माझा विश्वास बसत नाही.

२०१८ मध्ये आर्कान्सास राज्याने मेडिकेड या आरोग्य योजनेला हीच अट लावली, तेव्हा काही महिन्यांत सुमारे १८,००० जणांचे संरक्षण गेले आणि अभ्यासकांना रोजगारात वाढ आढळली नाही. ज्यांना ही अट लागू होती, त्यांतील बहुतेक जण आधीपासूनच काम करत होते किंवा अटीतून सूट मिळण्यास पात्र होते. त्यांना अडवले ते माहिती नोंदवण्याच्या पद्धतीने.

प्रश्नकर्ती

दोघांचेही आभार. मग तेजी ओसरल्यावर काय झाले?

प्रतिसाद ३

कायद्याची खरी कसोटी तीच होती. ऑक्टोबर २००९ मध्ये बेरोजगारी १० टक्क्यांवर गेली. फूड स्टॅम्प, म्हणजे अन्नखरेदीसाठीची सरकारी मदत, घेणारे २००७ मध्ये सुमारे २ कोटी ६० लाख होते, ते २०१३ पर्यंत ४ कोटी ७० लाखांच्या पुढे गेले. टॅन्फची मदत घेणाऱ्यांची संख्या मात्र जेमतेम हलली. कारण योजनेच्या रचनेत आहे. केंद्र राज्यांना वर्षाला सुमारे १६.५ अब्ज डॉलरचे ठोक अनुदान देते, ही रक्कम महागाईनुसार वाढत नाही आणि आज तिचे मूल्य निम्म्यावर आले आहे. त्यातूनही राज्ये रोख मदतीवर साधारण चौथा हिस्साच खर्च करतात. १९९६ मध्ये मुले असलेल्या दर शंभर गरीब कुटुंबांमागे ६८ कुटुंबांना मदत मिळत होती, २०२० मध्ये २१. मिसिसिपीत २०२१ पर्यंत तिघांच्या कुटुंबाला महिन्याला जास्तीत जास्त १७० डॉलर मिळत.

तरीही मी कामाच्या अटीच्या सरसकट विरोधात नाही. मिनेसोटात नव्वदच्या दशकात चिठ्ठी पद्धतीने गट पाडून प्रयोग झाला. त्यात दीर्घकाळ मदतीवर असलेल्या आईंना काम शोधणे बंधनकारक होते, पण कमाईचा मोठा भाग मदतीत न कापता त्यांच्याकडे ठेवला गेला, आणि तिथे रोजगार वाढला तसेच उत्पन्नही वाढले. ज्या कार्यक्रमांनी नुसते नोकरीकडे ढकलले, तिथे कमाई वाढली आणि तेवढीच मदत घटली. घर होते तिथेच राहिले. अतिगरिबी वाढली का, यावर मात्र वाद आहे: ब्रूस मेयर यांच्यासारखे अर्थतज्ज्ञ दाखवून देतात की सर्वेक्षणात लोक मिळालेली मदत कमी सांगतात, त्यामुळे तिथले आकडे फुगलेले दिसतात. हा आक्षेप गंभीरपणे घ्यायला हवा.

आपल्या निबंधात कोष्टक २००० वर थांबवू नका, निदान २०१३ पर्यंत न्या, आणि मदत घेणाऱ्यांच्या संख्येशेजारी गरीब कुटुंबांच्या संख्येचा स्तंभ अवश्य ठेवा.