किडनीच्या ऑपरेशनमध्ये नेमकं काय काय काढलं? (तुमचे, घरच्यांचे अनुभव)

कपाटवाली: काल रेशनकार्ड शोधताना बाबांची २०१२ ची फाइल हाती लागली आणि ती दुपार जशीच्या तशी आठवली. डावी किडनी, वरच्या टोकाला ९ सेंमीची कॅन्सरची गाठ. तीन तासांनी सिस्टर ओरडल्या, "पेशंटचं कोण आहे?" मी आणि दादा धावलो. सर्जननी दारातूनच स्टीलचा ट्रे पुढे केला. मला वाटलेलं, राजम्याच्या दाण्यासारखं काहीतरी तांबूस दिसेल. समोर पिवळ्या चरबीचं गाठोडं! म्हणाले, "किडनी आत आहे. भोवतीची चरबी आणि वरचं आवरण न फोडता अख्खं काढतो आम्ही." किडनीवर टोपीसारखी बसलेली अ‍ॅड्रिनल ग्रंथीही गेली, गाठ तिला टेकली होती म्हणून. दादाला घेरी. मग ते बरणीत, खराब होऊ नये म्हणून फॉर्मॅलिन घालून मलाच लॅबला पिटाळलं. रिक्षात बरणी मांडीवर. रिक्षावाला म्हणे, "ताई, लोणचं का?" मी "हो" म्हटलं.
लिहा तुम्हीही.

वऱ्हाडी ठेचा: लोणचं!! चहा नाकातून आला ना बाप्पा

सांगलीकर: माझी स्वतःची. २०१९, उजवी, ३ सेंमी. किडनी ठेवली, फक्त गाठ आणि कडेचा थोडा चांगला भाग काढला. तेवढा वेळ रक्ताची धमनी चिमट्याने बंद, २५-३० मिनिटांच्या आत उरकायचं असतं म्हणे, नाहीतर उरलेली किडनी रुसते. गाठ सापडली पित्ताच्या खड्यांच्या सोनोग्राफीत. गाठ गेली, खडे अजून आहेत.

मुलुंडची मावशी: सांगलीकर, खड्यांवर कुळथाचं कढण घ्या रोज सकाळी. आमच्या ह्यांचे पडले.

सांगलीकर: मावशी ते मूतखड्याचं हो. माझे पित्ताशयातले.

मुलुंडची मावशी: बरं मग कुळथाचं पिठलं खा. नुसतंच. छान लागतं

ओटीतला दिनू: दुर्बिणीचं ऑपरेशन झालं की नातेवाईक हमखास विचारतात, एवढ्याशा भोकातून किडनी आली कशी? येत नाही! आतच पिशवीत भरतो आणि ओटीपोटाशी वेगळा छेद घेऊन अख्खी बाहेर. कॅन्सर असेल तर शक्यतो तुकडे करत नाहीत, कॅन्सर कडेपर्यंत पोचलाय का ते लॅबला तपासायचं असतं. चला, पुढची केस लागली

निवृत्त चाकू: दिनूंनी बरोबर लिहिलंय. आमच्या शिकण्याच्या काळात टोरंटोचे सर्जन रॉब्सन यांची १९६३ ची पद्धत म्हणजे वेदवाक्य. किडनी, आवरण, चरबी, अ‍ॅड्रिनल, जवळच्या लसीका गाठी (लिम्फ नोड), सगळं सरसकट. आता अ‍ॅड्रिनल आणि लसीका गाठी स्कॅनमध्ये किंवा ऑपरेशनच्या वेळी संशय आला तरच काढतात. मी कितीतरी चांगल्या अ‍ॅड्रिनल काढल्या असतील. तेव्हा तेच योग्य होतं. असो.

सूनबाई ठाणे: सासऱ्यांचं वेगळंच निघालं. कॅन्सर किडनीच्या आत लघवी जमते तिथल्या अस्तराचा. त्यात किडनीबरोबर खालपर्यंतची अख्खी मूत्रनलिका आणि ती मूत्राशयाला जुळते तिथला तुकडाही काढावा लागला. "किडनीचं ऑपरेशन आहे ना, मग खाली का कापलं?" हे सासूबाईंना सहा वेळा समजावलं. कुकर झाला, येते

अबोल: काकांची गाठ किडनीच्या शिरेतून पोटातल्या मोठ्या शिरेत चढली होती. हृदयाचे सर्जनही बोलावलेले. शीर उघडून आतलं काढलं. त्यानंतर दोन वर्षं मिळाली.

कपाटवाली: अबोल... काय लिहू.

अबोल: काही नको गं. त्या दोन वर्षांत नातीचं बारसं झालं, पेढे त्यांनीच वाटले.

वऱ्हाडी ठेचा: ताई, बाबा कसे आहेत आता?

कपाटवाली: ८१. क्रिएटिनिन (किडनी कशी चालतेय ते सांगणारी रक्ततपासणी) १.४ वर टिकून. गुडघे दुखले की ब्रुफेन मागतात, मी देत नाही, डॉक्टरांनी बजावलंय एका किडनीवर नको म्हणून. मग शेजारच्यांकडे मागतात! शेजाऱ्यांनाही सांगून ठेवलंय.

मुलुंडची मावशी: अगं पण त्या बरणीचं पुढे काय झालं?

ओटीतला दिनू: मावशी, लॅबवाले हवे तेवढे तुकडे घेऊन मेणात बसवतात, रिपोर्टनंतर काही दिवसांनी उरलेलं पिवळ्या पिशवीतून जाळायला जातं.

मुलुंडची मावशी: आणि बरणी?

कपाटवाली: मावशी, बरणी आमची नव्हती हो!