रोजच्या ग्रुप-क्विझमधला ‘आधी उत्तर, त्याला गुण’ हा नियम बंद करावा का?

आडवेउभे (धागाकर्ता)

घरच्या किंवा मित्रांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर रोज रात्री आठला पाच प्रश्न टाकायचे आणि जो आधी बरोबर उत्तर देईल त्याला गुण, ही पद्धत सर्रास दिसते. माझ्या मते ती बंद करावी. तिथे डोकं नाही, अंगठा जिंकतो.

जूनमध्ये आपल्याकडे रात्रीचे आठ वाजतात तेव्हा लंडनमध्ये दुपारचे साडेतीन, कॅलिफोर्नियात सकाळचे साडेसात आणि सिडनीत रात्रीचे साडेबारा झालेले असतात. डिसेंबरात हेच अडीच, साडेसहा आणि दीड होतं, कारण आपलं घड्याळ हलत नाही आणि त्यांचं हलतं. म्हणजे सिडनीचा भाचा कायमचा बाद. इथल्या इथेही दुसऱ्या पाळीला गेलेला माणूस बादच.

दुसरं म्हणजे पहिलं उत्तर ग्रुपवर पडलं की प्रश्न संपतो. बाकीचे वीस जण विचारच करत नाहीत, फक्त टाळ्यांचे इमोजी टाकतात.

माझी पद्धत अशी: आठला प्रश्न, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहापर्यंत उत्तरं आणि ती एकमेकांना दिसणार नाहीत. साडेसातला उत्तरं आणि गुणतक्ता, आठला नवे प्रश्न. वेळेला शून्य गुण.

घंटीवाला

साफ असहमत. बावीस तास दिले की ते क्विझ राहत नाही, गृहपाठ होतो. ‘दर्पण’ कधी सुरू झालं? ६ जानेवारी १८३२. माहीत असलेला दहा सेकंदांत लिहितो, नसलेला गूगल करून अर्ध्या मिनिटात. तुमच्या पद्धतीत दोघांना सारखाच गुण. वेळ हाच एक पहारेकरी आहे आणि तुम्ही त्यालाच घरी पाठवताय.

परदेशातल्यांचा प्रश्न वेळेचं बंधन न काढताही सुटतो. टेलिग्रामवर क्विझबॉट आहे. पाच प्रश्नांचा संच करा, प्रत्येक प्रश्नाला ३० सेकंद लावा आणि लिंक ग्रुपवर टाका. ज्याला जेव्हा सवड मिळेल तेव्हा तो स्वतंत्रपणे सुरू करतो, घड्याळ त्याच्यापुरतं चालू होतं. एकदा दिलेलं उत्तर बदलता येत नाही. पुन्हा खेळलं तरी तक्त्यात पहिलाच खेळ धरला जातो. सिडनीचा भाचा सकाळी चहा पिताना खेळेल.

कंसातली

घंटीवाला, बॉट चांगला आहे, पण त्यात सगळं पर्यायी. चार पर्याय म्हणजे काहीही न येणाऱ्यालासुद्धा पाच प्रश्नांत सरासरी सव्वा गुण फुकट. महिन्याच्या तक्त्यात तो आकडा बराच फुगतो. शिवाय मावशी-काकांना फक्त क्विझसाठी टेलिग्राम घ्यायला लावणं जमलं तर ठीक, एरवी निम्मा ग्रुप गळतो.

व्हॉट्सअॅपचा पोल तर त्याहून वाईट. कुणी कशाला मत दिलं ते नावानिशी दिसतं आणि मत नंतर बदलताही येतं. ग्रुपमधल्या एका हुशार समजल्या जाणाऱ्या माणसाने मत दिलं की बाकीचे मेंढरांसारखे त्याच्यामागे. पोल मतं घ्यायला आहे, परीक्षा घ्यायला नाही.

धागाकर्त्यांच्या पद्धतीला गूगल फॉर्म बरा, पण तो नीट लावा, नाहीतर पहिल्याच दिवशी उत्तरं फुटतात. फॉर्मला ‘क्विझ’ केलं की निकाल लगेच दाखवण्याची सोय बहुधा आपोआप चालू असते. पहिल्या माणसाने फॉर्म भरला की त्याला बरोबर उत्तरं दिसतात, त्याचा स्क्रीनशॉट पाच मिनिटांत ग्रुपवर. निकाल ‘नंतर’वर ठेवला तर फॉर्म ईमेल मागायला लागतो आणि ज्येष्ठ मंडळी तिथेच थांबतात. ‘एकालाच एक उत्तर’ हे बंधन घातलं तर गूगलमध्ये लॉगिन लागतं.

म्हणून क्विझचा पर्याय चालूच करू नका. साधा फॉर्म घ्या. नावासाठी ड्रॉपडाउन ठेवा, कारण हाताने लिहू दिलं तर एकच माणूस सोमवारी ‘सुमन’, मंगळवारी ‘सुमनताई’ आणि बुधवारी ‘आई’ होतो आणि बेरीज बसत नाही. उत्तरं छोट्या मजकुराच्या रकान्यात घ्या आणि शीटमध्ये स्वतः तपासा. आपोआप तपासणी मराठीत दगा देते: ‘कोल्हापूर’ बरोबर धरलं तर ‘कोल्हापुर’ चूक, इंग्रजी आकड्यांत उत्तर भरून ठेवलं असेल तर ‘१८३२’ चूक. पंचवीस जणांची पाच उत्तरं हाताने तपासायला दहा-बारा मिनिटं लागतात. एकाच नावाने दोन नोंदी आल्या तर पहिली धरायची, हे आधीच जाहीर करा.

घंटीवाला

तपासणी मान्य. पण फॉर्ममध्ये गूगल कोण अडवणार? त्याचं उत्तर अजून आलेलं नाही.

लोलक

दोघेही चुकीच्या दाराशी भांडताय. एका ओळीत शोधता येईल असा प्रश्न काढला तर वेग ठेवा नाहीतर काढा, गूगलच जिंकणार. आणि ग्रुप खरे मोडतात ते वेळेमुळे नाही, कच्च्या प्रश्नांमुळे.

‘भारताचा राष्ट्रीय खेळ कोणता?’ उत्तर ‘हॉकी’ धरलेलं असतं. सरकारने कुठलाच खेळ राष्ट्रीय म्हणून जाहीर केलेला नाही. ‘महाराष्ट्रात जिल्हे किती?’ जुन्या पुस्तकातून उचललं तर ३५. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर झाल्यापासून ३६. ‘भारताची किनारपट्टी किती?’ वर्षानुवर्षं ७५१६ किमी पाठ केलंय सगळ्यांनी. नव्या मोजणीत तो आकडा ११ हजारांच्या वर गेला. जमीन वाढली नाही, मोजणी जास्त बारीक नकाशावर झाली, म्हणून प्रत्येक खाडी आणि वळण धरलं गेलं. ‘पहिला भारतीय चित्रपट’ विचारला की एक गट १९१२ च्या ‘श्री पुंडलिक’चं नाव घेतो, दुसरा १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’चं, आणि रात्री अकरापर्यंत कुणी कुणाशी बोलत नाही.

‘पहिला’, ‘सर्वात मोठा’, ‘एकूण किती’ हे शब्द आले की प्रश्नातच तारीख आणि निकष घाला. ‘१ मे १९६० ला महाराष्ट्रात किती जिल्हे होते?’ याचं उत्तर २६ आणि ते कधीच बदलणार नाही.

राहिला गूगलचा मुद्दा. माहिती विचारू नका, दुवा विचारा. ‘भारतातली पहिली प्रवासी रेल्वे कधी धावली?’ हा प्रश्न मेलेला आहे. त्याऐवजी: ‘साहिब, सिंध, सुलतान या तिघांनी १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून काय ओढत नेलं आणि कुठवर?’ हाही शोधता येतो, पण ज्याला इंजिनांची नावं माहीत नाहीत तोही तारखेवरून ठाण्यापर्यंत पोहोचू शकतो. विचार करून सुटणारा प्रश्न असेल तर माणूस आधी स्वतः झटापट करतो. फोटोवरचे प्रश्न मात्र टाळाच, गूगल लेन्स त्यांना दोन सेकंदांत खातं.

सुपारीफुटेना

लोलक यांना +१. मला वाटतं गूगलला सरळ परवानगी द्यावी आणि प्रश्न तेवढे अवघड काढावेत. भांडणच मिटेल.

आडवेउभे

सुपारीफुटेना, तसं केलं की आठवड्यात पाच-सहाच जण उरतात. ऐंशीच्या आजीला क्विझ हवं असतं ते तिला १९५५ चं गाणं आठवतं म्हणून, शोधाशोध जमते म्हणून नाही. पाचांतले किमान दोन प्रश्न निम्म्या ग्रुपला यावेत आणि त्यातला एक जुन्या पिढीचा असावा. पाचही अवघड काढणारा स्वतःसाठी क्विझ घेतो.

घंटीवाला, गूगल अडवता येत नाही, पण त्याचा मोह कमी करता येतो. अमेरिकेतली लर्नड लीग ही दोघादोघांच्या सामन्यांची ऑनलाइन क्विझ रोज सहा प्रश्न देते, शोधाशोधीला मनाई आहे आणि सगळं शब्दावर चालतं. तिथे समोरचा खेळाडू तुमच्या सहा प्रश्नांना ०, १, १, २, २, ३ असे गुण वाटतो: तुम्हाला येणार नाही असं वाटलं त्याला जास्त. म्हणजे समोरच्याला ओळखणं हाही खेळ. घरच्या ग्रुपला हे भन्नाट जमेल, तिथे कुणाला क्रिकेट येतं आणि कुणाला नाट्यसंगीत हे सगळ्यांनाच ठाऊक असतं.

घंटीवाला

कल्पना आवडली, पण ती जोड्यांची आहे. रोज बारा जोड्या कोण लावणार? आणि ‘कमी लोकांना आलं त्याला जास्त गुण’ अशी सोपी आवृत्ती काही ग्रुप करतात, ती तर करूच नका. एकट्यालाच आलेलं उत्तर बहुतेक वेळा शोधलेलं असतं, म्हणजे लबाडीलाच बोनस.

मी एवढी तडजोड करतो: रोज बंद फॉर्म, वेळेला गुण नाहीत, रविवारी रात्री व्हिडिओ कॉलवर दहा तोंडी प्रश्न, वेगावर. महिन्याचा तक्ता दोन्हींचा वेगळा.

कंसातली

तडजोड चालेल. समान गुण आले तर कोण आधी हेही वेळेवर ठरवू नका. फॉर्मच्या शेवटी विचारा: ‘आजचा तिसरा प्रश्न किती जणांना येईल?’ जो जवळ पोहोचेल तो वर. हे कुठल्याही गूगलवर मिळत नाही.

आणि हरकतींना मुदत ठेवा, दुसऱ्या दिवशी दुपारी बारापर्यंत, आधारासह. दोन उत्तरं टिकत असतील तर दोन्हींना गुण द्या. प्रश्न रद्द करू नका, त्यात बरोबर लिहिणाऱ्याचा गुण जातो आणि पुढच्या हरकती तोच घेतो.