हिरडीलगत दात झिजलेत, पण कीड नाही. कशामुळे?

संथ_गोगलगाय:
वय ४६. डाव्या बाजूच्या वरच्या सुळ्यामागच्या दोन दातांना हिरडीला लागून आडवी खाच पडली आहे. नख फिरवलं की अडकतं. गार पाणी लागलं की कळ थेट मस्तकात जाते. एका डॉक्टरांनी सांगितलं, कीड नाही, ब्रश जोरात घासता, भरून टाकू. दुसरे म्हणाले, तुम्ही रात्री दात खाता. कोणाचं ऐकू? आणि हे माझ्यासारखं आणखी कोणाला असतं का?

फटकळ_काका:
कडक ब्रश फेकून द्या. विषय संपला.

दंतकथा:
काका, इतक्यात नाही संपत. मी दातांचीच डॉक्टर आहे.

आधी शेवटच्या प्रश्नाचं: तुम्ही एकटे नाही. २०२० मध्ये जगभरातल्या पाहण्यांचा एकत्रित आढावा निघाला, त्यात अशा खाचा असलेल्या प्रौढांचं सरासरी प्रमाण ४७ टक्क्यांच्या आसपास आलं. वेगवेगळ्या पाहण्यांचे आकडे मात्र १० टक्क्यांच्या आतपासून ९० च्या वरपर्यंत पसरलेले आहेत, कारण खाच कशाला म्हणायचं इथूनच मतभेद. वयाबरोबर प्रमाण वाढतं, आणि सुळ्यामागचे दोन दात, म्हणजे प्रीमोलर, सर्वांत जास्त सापडतात.

हिरडीलगतच का? दाताचं इनॅमल, म्हणजे वरचं टणक कवच, हिरडीलगतच्या मानेपाशी अगदी पातळ होत जातं. हिरडी जरा वर सरकली की खालचं मूळ उघडं पडतं आणि त्यावर फक्त सिमेंटमचा पातळ, मऊ थर असतो. तो गेला की डेंटिन, म्हणजे दाताचा आतला, इनॅमलपेक्षा मऊ भाग. नुसता ब्रश इनॅमलला फारसं काही करत नाही; काम करतात ते पेस्टमधले खरखरीत कण. मिलर नावाच्या संशोधकाने १९०७ मध्येच काढलेल्या दातांवर दंतमंजन घासून अशा खाचा पाडून दाखवल्या होत्या. दात पांढरे करण्याची हमी देणाऱ्या पेस्ट बऱ्याचदा जास्त खरखरीत असतात, म्हणून त्या मला आवडत नाहीत. उजव्या हाताने घासणाऱ्यांचा जोर अनेकदा डाव्या बाजूला जास्त पडतो, तेही तपासा.

दात खाण्याचं म्हणाल तर १९९१ मध्ये ग्रिप्पो यांनी ॲबफ्रॅक्शन हे नाव दिलं: चावताना दात किंचित वाकतो, ताण मानेशी साठतो आणि तिथले कण निखळतात. संगणकावरच्या प्रतिकृतींत ताण दिसतो खरा, पण तोंडात पुरावा कमकुवत आहे. वाकण्यानेच झालं असतं तर जिभेकडच्या बाजूलाही तेवढ्याच खाचा दिसायला हव्या होत्या. तिथे त्या क्वचितच दिसतात. म्हणून मी त्याला फार तर साथीदार मानते, एकटा आरोपी नाही.

खरा छुपा रुस्तम आम्ल. इनॅमल साधारण ५.५ पीएचखाली (पीएच जितका कमी, तितकं आम्ल तीव्र) विरघळू लागतं, डेंटिन त्याच्याही आधी. मऊ झालेल्या जागेवर ब्रश फिरला की झीज जास्त वेगाने होते. तुम्हाला ॲसिडिटी आहे?

संथ_गोगलगाय:
आहे हो! रात्री आंबट पाणी घशाशी येतं. तोंडाची चव घालवायला उठल्या उठल्या घासतो. मग भरून घेऊ की नको?

दंतकथा:
ही सवय आधी मोडा. उठल्यावर साध्या पाण्याने खळखळून चूळ भरा, अर्धा तास थांबा, मग मऊ ब्रशने, पेनसारखा धरून, हलक्या हाताने घासा. ॲसिडिटीसाठी फिजिशियनला दाखवा. तिचं औषध माझ्याकडे नाही.

भरण्याबद्दल: खाच उथळ असेल आणि त्रास नसेल तर मी फक्त फोटो काढून ठेवते, पुढच्या वेळी ताडून बघते. तुम्हाला कळ येते, म्हणून आधी पोटॅशियम नायट्रेटवाली पेस्ट काही आठवडे वापरून बघा. खोल असेल किंवा कळ थांबलीच नाही, तर भरा. पण कारण तसंच ठेवून भरलंत तर बाजूची झीज चालूच राहते. शिवाय तिथलं डेंटिन घट्ट, चकचकीत झालेलं असतं, भरायचं सिमेंट त्याला नीट धरत नाही, आणि भरलेलं निघून हातात येतं.

फटकळ_काका:
मी पेस्टच्या डब्यावरचं वाचतोय. बारीक अक्षरं. "पांढरे शुभ्र" मात्र मोठ्यात!