पिलाटेस सुरू केलं, पोटाले काई नाई अन् मानच आखडली. चुकते कुठं?

कपाशीवाली:
नमस्कार मंडळी. मी दारव्हा तालुक्यातली, वय ३८, घरी शेती हाय अन् दुपारी शिलाई मशीन. कंबर दोन वर्षांपासून धरते, दिवाईनंतर कापूस वेचनी सुरू झाली की तं खाली बसलं का उठाले आधार लागते. डॉक्टरनं एक्स-रे पाहून सांगतलं, हाडात काई नाई, पोटापाठीचे स्नायू कमजोर हाय, व्यायाम करा, पिलाटेस जमते का पहा. मले वाटलं गोईचं नाव असन. मंग मोबाइलवर व्हिडिओ पाहून केलं दोन हप्ते. त्यात तो हंड्रेड म्हनून प्रकार हाय, पाठीवर झोपून डोकं उचलाचं, पाय हवेत अन् हात पंप मारल्यावानी खालीवर शंभर वेळा, तो केला की पोटाले कायीच कळत नाई अन् मान दोन दिवस वळत नाई. सासूबाई म्हनते वावरात वाकनं कमी पडते का तुले. इथं क्लास नाई, यवतमाळले हप्त्यातून एखांद्या वेळी जमन. व्हिडिओवरून शिकता येते का? अन् शिकवनारा चांगला हाय हे वळखाचं कसं?

वर्धेकर_७७:
ताई कायले नवीन नावाच्या मागं लागता, सूर्यनमस्कार घाला बारा, झालं.

फिजिओ_ताई:
भाऊ, कंबर धरलेल्या बाईला पहिल्याच दिवशी बारा नमस्कार नका सांगू हो.
कपाशीवाली ताई, चूक तुमची नाही. पिलाटेसचे जुने मॅटवरचे व्यायाम ३४, त्यांच्या क्रमात हंड्रेड पहिला, म्हणून व्हिडिओवाले तिथूनच सुरू करतात. पण पहिला आहे म्हणजे सोपा आहे असं नाही. पोट धरत नसलं की डोक्याचं सगळं वजन मानेवर येतं. सध्या डोकं खालीच, पातळ उशी चालेल, गुडघे वाकवून पाय जमिनीवर, फक्त हात हलवा. पाच मोजत श्वास आत, पाच मोजत बाहेर, ही एक फेरी. पुऱ्या दहा फेऱ्या झाल्या की शंभर होतात, तुम्ही तीनच करा.
त्याच्याही आधी श्वास. दुपट्टा बरगड्यांभोवती गुंडाळा, टोकं समोर धरा, नाकानं श्वास घेताना दुपट्टा बाजूनं अन् मागून ताणला पाहिजे, खांदे वर जायला नको. सोडताना बेंबीखालचं पोट हळूच आत. दात-ओठ खाऊन नाही, हलकं.
आणि सासूबाईंना सांगा, वेचणीत ओटी बांधून दिवसभर पाठ गोलच असते, म्हणून तर तुम्हाला उलटं पाहिजे, पाठीवर झोपून कुल्ले उचलणं, पोटावर झोपून छाती जराशी उचलणं. पाठ गोल करून उठायचे प्रकार आत्ता नकोच. पायात कळ किंवा मुंग्या येत असतील तर सगळं थांबवून आधी डॉक्टरला दाखवा.

वणीवाला:
माह्या घरची गोष्ट सांगतो. बायकोनं शहरात एक क्लास लावला होता, नाव नाई घेत, पंचवीस बाया अन् मॅडम समोर आरशात पाहून सोताच करून रायली, मांग कोन काय करते ते तिले दिसतच नाई. महिनाभरात बायको गुडघे धरून परत. मंग दुसरी एक भेटली व्हिडिओ कॉलवाली, तिनं पहिल्याच दिवशी सांगतलं फोन समोर नको, बाजूनं ठेवा, जमिनीपासून एक वीत वर. अर्धा तास फक्त झोपवून ठेवलं बाप्पा, कंबरेखाली हात घाला, तयहात जेमतेम सरकते का, आता एक पाय उचला, हातावरचा दाब बदलला का. बायको म्हने पैसे झोपाले दिले का. पन तिनंच पहिल्यांदा सांगतलं का उजवा पाय उचलला का तुमची कंबर डावीकडे कलते. मी तं म्हनतो जो तुमच्याकडे पाहून "थांबा" म्हनते तोच मास्तर, बाकी सारे कवायत घेनारे.

नुसताच_वाचक:
थोडं अवांतर. हे माणसाचं नाव हाय, जोसेफ पिलाटेस, जर्मनीतला, जन्म १८८३ चा. पहिल्या महायुद्धात इंग्रजांनी त्याले आइल ऑफ मॅन नावाच्या बेटावर नजरकैदेत ठेवलं होतं, मंग पुढं न्यूयॉर्कले गेला. तो या व्यायामाले कंट्रोलॉजी म्हने. म्हंजे ताबा. अन् आता व्हिडिओत पहा, गाणं लावून सटासट.

कपाशीवाली:
लय आभार सगळ्यायचे. आज फोन ढेपीच्या पोत्याले टेकवून बाजूनं शूटिंग केली. पाहून मलेच हसू आलं, हनुवटी कासवावानी पुढं अन् खांदे कानाले लागलेले. दुपट्टा बांधला तं समोरूनच ताणते, पाठीकडून काईच नाई. फिजिओ ताई, पाय हवेत कधी न्यायचे मंग?

फिजिओ_ताई:
दिवस मोजू नका. वणीवाल्या भाऊंनी सांगितली ती हाताची परीक्षा घ्या, एक पाय उचलून खाली ठेवेपर्यंत दाब तसाच राहिला पाहिजे, दोन्ही बाजूंनी, श्वास न अडकता. तसं जमलं की परत शूटिंग करा अन् इथं लिहा. आणि यवतमाळला जाल तेव्हा तो व्हिडिओ शिकवणाऱ्या बाईंना दाखवा, त्या पाहून काय म्हणतात त्यावरून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तिथंच मिळेल.

वर्धेकर_७७:
दुपट्टा मीबी बांधून पायला. घरचे हसून रायले. पाठीकडून माह्याबी ताणत नाई.